रंगरूटाचा दिवस

नाशिक रोडच्या तोफखाना केंद्रात नव्यानं भरती झालेल्या मुलाचा दिवस अंधारातच सुरू होतो. दाढी रोज करायची, मग गालावर नुसती लव का असेना. बिछान्याची घडी चौकोनी, चादरीवर सुरकुती नाही, खाटेखाली बूट एका ओळीत आणि त्यांच्यामागे नाव-नंबर रंगवलेली काळी ट्रंक. मगभर चहा झाला की लगेच पीटी. ओली बनियन बदलून लंगर, लंगरहून ड्रिल, ड्रिलनंतर वर्ग नाहीतर हत्यार. दुपारी पुन्हा लंगर, थोडी पाठ टेकायची, संध्याकाळी खेळ आणि अंधार पडता पडता गिनती. गिनतीत नाव पुकारलं की ओ द्यायची, उद्याचे हुकूम ऐकायचे. रात्री बूट चमकवायचे, ठरल्या वेळी घरी फोन, मग दिवे बंद. मधे कुठं चूक झालीच तर उस्ताद 'रगडा' देतो: फ्रंट रोल, मैदानाच्या फेऱ्या, डोक्यावर रायफल धरून धाव. पोरगा बीडचा असो, बिहारचा असो की तेलंगणाचा, पहिल्या पंधरवड्यात घरी सांगतो ते एकच, की आई, इथं बसायलाच वेळ मिळत नाही.

हा दिवस कुणी एका बैठकीत आखलेला नाही. त्याचा एकेक तास वेगळ्या शतकातून, वेगळ्या मुलखातून आणि बऱ्याचदा एखाद्या लढाईत बसलेल्या फटक्यातून आलेला आहे. शांततेच्या काळात तो ऐसपैस होतो. युद्ध लागलं की माणसं घाईनं हवी असतात, आणि तेव्हा त्याला कात्री लागते. कात्री कुठं लागली आणि तिची किंमत कुणी मोजली, हे पाहत गेलं की या दिवसाचा खरा इतिहास हाती लागतो. नाशिकमध्ये बसून तो पाहणं सोपं जातं, कारण त्याचे बरेचसे थर याच परिसरात उघडे पडलेले आहेत.

शिवकाळात असा दिवस नव्हता, कारण असा रंगरूटच नव्हता. शिलेदार स्वतःचं घोडं आणि हत्यार घेऊन येई, बारगिराला घोडं सरकारातून मिळे. पण घोड्यावर मांड ठोकणं, भाला-तलवार चालवणं दोघंही गावातच शिकून आलेले असत. दसऱ्याला स्वारीवर निघायचं आणि पावसाळ्यात छावणीला परतायचं, हा वर्षाचा फेरा सभासद बखरीत मिळतो. शिस्त होती, आणि ती फार बारकाईची होती. १६७३ साली चिपळूणच्या छावणीतल्या अंमलदारांना शिवाजी महाराजांचं एक पत्र गेलं. त्यात लढाईची भाषा नाही. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि वैरण आत्ताच उधळलीत तर पुढं घोडी उपाशी मरतील, मग तुम्ही कुणब्यांच्या घरचं हिसकून आणायला लागाल, आणि लोक म्हणतील यांच्यापेक्षा मोगल बरे, असं त्यात बजावलं आहे. चुली पेटवताना, तंबाखू ओढताना गवताच्या गंजीचं भान ठेवा. रात्री दिवा जळता ठेवलात तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि सगळी वैरण जळून जाईल, इतक्या खालपर्यंत महाराज उतरतात. आज बराकीत आळीपाळीनं रात्र जागणाऱ्या 'फायर पिकेट'च्या पोरानं हे पत्र वाचलं तर त्याला ते आपल्या सुभेदारसाहेबांनीच लिहिलंय असं वाटेल. सैन्य आधी छावणीत राहायला शिकतं, ही समज आपल्याकडे इंग्रजांच्या आधीपासून होती, याचा इतका चांगला पुरावा दुसरा नाही.

ड्रिल मात्र बाहेरून आली. नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासायची बंदूक लढाईत आली, तेव्हा खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या माणसांना एकाच वेळी एकच हालचाल करणं भाग पडलं. एकाचा हात चुकला तर शेजारचा भाजे. नेदरलँड्समध्ये नासाऊच्या मॉरिसच्या सैन्यात बंदूक भरण्याची कृती तुकड्या तुकड्यांत फोडून शिकवू लागले. १६०७ मध्ये याकोब द खेन या चित्रकारानं तिच्या एकेका हालचालीचं चित्र काढून पुस्तकच प्रसिद्ध केलं. परेड मैदानावर आज रायफल खांद्यावर घेताना पोरं मनात एक-दोन-तीन मोजतात, ते मूळ त्या चित्रांतलं. दीडशे वर्षांनी ही पद्धत फ्रेंच आणि इंग्रजांबरोबर हिंदुस्थानात आली, आणि मराठ्यांच्या फौजेत इब्राहिमखान गारद्याबरोबर. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ च्या सकाळी गारद्यांच्या पलटणींनी रोहिल्यांची दाणादाण उडवली, आणि दिवस मावळेपर्यंत त्या पलटणी जवळपास संपल्या होत्या. गारदी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शनिवारवाडा आणि १७७३ चा नारायणरावांचा खून उभा राहतो. मराठी राज्यात नेमानं कवायत करणाऱ्या पहिल्या शिपायांत हे लोक होते, ही गोष्ट त्या रक्ताखाली झाकली गेली. महादजी शिंद्यांनी १७८४ मध्ये डी बॉईन या युरोपीय सेनानीकडून पलटणी उभारून घेतल्या. १८०३ मध्ये असईला इंग्रजांसमोर उभे ठाकले ते त्याच परंपरेतले शिपाई. तिकडं मुंबईकर इंग्रजांनी १७६८ मध्ये उभारलेली शिपायांची पलटण आज मराठा लाइट इन्फंट्रीची 'जंगी पलटण' म्हणून नांदते आहे. म्हणजे अठराव्या शतकाच्या अखेरीला मराठी मुलखातली पोरं समोरासमोरच्या दोन सैन्यांत एकाच जातीची कवायत गिरवत होती.

नाशिक रोडच्या रंगरूटाला अभिमान वाटतो तो तोफेच्या तासाचा, आणि त्या तासाची वंशावळ मधेच तुटलेली आहे. मुंबई इलाख्याच्या तोफखान्यात 'गोलंदाज बटालियन' होती. तिच्या आठव्या कंपनीचा उभारणीचा दिवस, २८ सप्टेंबर १८२७, हाच भारतीय तोफखान्याचा स्थापनादिन, 'गनर्स डे'. पण १८५७ चा उठाव झाला आणि इंग्रजांनी हिंदी माणसांच्या हातून तोफा काढून घेतल्या. खेचरांवर लादून न्यायच्या डोंगरी तोफा तेवढ्या त्यांच्याकडे राहू दिल्या. मैदानी तोफ पुन्हा हिंदी हातांत आली ती १५ जानेवारी १९३५ ला, बंगळूरला 'ए' फील्ड ब्रिगेड उभी राहिली तेव्हा. मधल्या पाऊणशे वर्षांत कितीतरी पिढ्यांचे रंगरूट बंदुकीपाशीच थांबले. शिकण्याची त्यांची कुवत कमी नव्हती. त्यांना शिकवण्याची भीती वाटत होती.

वर्गाचा तासही असाच जुना आहे, आणि त्याच्याबद्दल आपण फार कमी बोलतो. मुंबईच्या सैन्यात शिपायांना आणि लाइनीत वाढणाऱ्या त्यांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचं होतं, हे बाबासाहेब आंबेडकरांनी लिहून ठेवलं आहे. त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते, आणि बाबासाहेबांचा जन्म महूच्या छावणीतला. गावच्या शाळेत ज्यांना उंबऱ्याबाहेर बसवत, त्यांच्या घरात पलटणीच्या वर्गामुळं पाटी-पुस्तक आलं. मग १८९० च्या दशकात लढाऊ जमातींचं खूळ इंग्रजांच्या डोक्यात बसलं आणि महारांची भरती बंद झाली. पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा १९१७ मध्ये '१११ वी महार' पलटण उभी केली; युद्ध संपलं, १९२१ मध्ये मोडली. दुसरं पेटलं आणि १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. युद्धानं दार उघडायचं आणि शांततेनं लावायचं, असा हा पन्नास वर्षांचा खेळ होता. १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर बाबासाहेब होते. त्याच्या अकराच वर्षं आधी, २ मार्च १९३० ला, नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दारात दादासाहेब गायकवाडांच्या पुढाकारानं सत्याग्रह सुरू झाला होता, आणि ते दार उघडलं नव्हतं. नाशिक जिल्ह्यातला त्या वयाचा एखादा तरुण १९४१ मध्ये भरतीच्या रांगेत उभा राहिला असेल, तर त्याच्या मनात काय काय असेल याचा विचार पगारापाशी थांबवता येत नाही.

पीटीच्या तासाचं श्रेय विलायती जिमखान्याला जातं. दोर चढणं, बीमवर हात अडकवून अंग वर खेचणं, लाकडी घोड्यावरून उडी हे सगळं तिकडून ठरून आलं. पण इथं नाशिककर म्हणून एक नोंद करायलाच हवी. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरचे आणि मल्लखांबाला नवा जन्म देणारे बाळंभटदादा देवधर हे नाशिकजवळच्या कोठुऱ्याचे. अंग लवचिक आणि पकड घट्ट करण्याची विद्या या परिसराला नवी नव्हती. पुण्याखडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या जवानांची मल्लखांबाची प्रात्यक्षिकं पाहिली की दोन्ही धागे एकाच मैदानावर दिसतात.

सगळ्यात मोठी उलथापालथ झाली ती लंगरमध्ये. एकोणिसाव्या शतकात शिपायाला शिजवलेलं अन्न मिळत नसे. पगार हातात पडायचा, पलटणीच्या बाजारातून पीठ, डाळ, तूप आणायचं आणि ज्यानं त्यानं आपापल्या चुलीवर करून खायचं. बंगालच्या सैन्यात तर प्रत्येकाची चूल आणि चौका वेगळा. मुंबईच्या पलटणीत सोवळंओवळं त्या मानानं कमी, पण खर्च आपलाच. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला शिपायाचा पगार दरमहा ११ रुपये होता, आणि त्यातच पोट भरून घरी पैसे पाठवायचे. साहजिकच पोटाला चिमटा काढला जाई. ज्या सैन्यात घरी मनिऑर्डर करायला शिपाई अर्धपोटी राहतो, ते सैन्य लांब मोहिमेवर टिकत नाही, हे मेसोपोटेमियानं दाखवून दिलं. कुतच्या वेढ्यात पूना डिव्हिजनबरोबर १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी अडकल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली तेव्हा माणसं उपासमारीनं खंगून गेली होती. १९१७ मध्ये हिंदी शिपायाला शांततेच्या ठाण्यांवरही फुकट शिधा मिळू लागला. रंगरूटाच्या दिवसातला हा बदल मला ड्रिलहून मोठा वाटतो. सगळ्यांना एकाच वेळी, एकाच रांगेत, सारखं वाढलेलं ताट मिळणं ही त्या काळी कुठल्याच खेड्यात न घडणारी गोष्ट होती.

दुसऱ्या महायुद्धात याचा पुढचा अध्याय आला. हिंदी सैन्य १९३९ मध्ये जेमतेम दोन लाखांचं होतं, ते १९४५ पर्यंत पंचवीस लाखांवर गेलं. सक्तीची भरती न करता एवढी माणसं आली. त्यांत देशभक्तीनं आलेले होते, घरात परंपरा म्हणून आलेले होते, आणि भूक लागली म्हणून आलेलेही पुष्कळ होते. वजनाची अट खाली आणावी लागली, कारण आलेली पोरं अटीत बसतच नव्हती. काही महिने लंगरचं जेवल्यावर त्यांची वजनं वाढत. सैन्याच्या डॉक्टरांनी ही वाढ समाधानानं टिपली. मला मात्र ती आपल्या खेड्यांवरचा आरोप म्हणून वाचावीशी वाटते.

देवळालीचं नाव या इतिहासात सुरुवातीला येतं ते उलट्या कारणानं. इंग्रजांनी १८६१ मध्ये इथं छावणी वसवली ती विलायतेहून येणाऱ्या आणि तिकडं परतणाऱ्या गोऱ्या शिपायांचा मुक्काम म्हणून. उंची सुमारे १८०० फूट, हवा मुंबईहून कोरडी, आणि १८६५ मध्ये थळ घाटातून रेल्वे वर आल्यावर बंदराची वाट सोपी. पण शिपायांची जहाजं हिवाळ्याच्या हंगामातच ये-जा करत. मुदत संपलेला शिपाई उन्हाळ्याच्या तोंडावर इथं येऊन पोचला तर पुढच्या हंगामापर्यंत अडकून पडे. परेड नाही, पहारा नाही, शिकण्यासारखं काही नाही. ऊन, हिवताप, दारू आणि वाट बघणं. इतक्या जणांची मनं इथं ढासळली की डोकं फिरल्याला इंग्रजीत देवळालीचंच नाव चिकटलं. वेळापत्रक काढून घेतलं की शिपायाचं काय होतं, याचा जगभर गाजलेला दाखला आपल्या देवळालीचा आहे. रंगरूटाला श्वास घ्यायला फुरसत न देणारा दिवस निव्वळ छळ म्हणून आखलेला नसतो, हे इथं येऊन पटतं. घर सुटलेलं असतं, वय अठरा-एकोणीस असतं. पहिले काही आठवडे रिकामा तास सगळ्यात जड जातो, हे कुठलाही जुना उस्ताद सांगेल.

याच देवळालीत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात काकूलहून तोफखान्याची शाळा आली. मुळात १९२३ मध्ये, आता पाकिस्तानात असलेल्या काकूलला ती सुरू झाली होती. छावणीला लागून भगूर आहे, सावरकरांचं जन्मगाव. त्या वर्षांत हिंदू महासभेचे अध्यक्ष म्हणून सावरकर तरुणांना सैन्यात जा, शस्त्र शिका असं सांगत फिरत होते. त्यांचे सहकारी डॉ. बा. शि. मुंजे यांनी १९३७ मध्ये नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल काढून सैनिकी दिनक्रम शाळकरी मुलांपर्यंत नेला होता. त्याच वेळी काँग्रेसची माणसं 'चले जाव'साठी तुरुंगात जात होती, आणि नाशिक रोडचा तुरुंग सत्याग्रह्यांनी भरलेला होता. तुरुंगातही पहाटे घंटा, मोजणी, ठरलेली भाकरी आणि रात्री मोजणी. नाशिक रोडच्या आसपास एकाच वेळी दोन प्रकारचे तरुण घंटेवर उठत होते. कुणाची वाट बरोबर होती हा वाद आपण अजून घालतो. त्यात रंगरूटाला भाडोत्री म्हणून झटकून टाकणं मला मान्य नाही. घर चालवायला गणवेश चढवणाऱ्या एकोणीस वर्षांच्या पोराकडून राजकारणाचा हिशेब मागणं सोपं असतं.

आता कात्रीबद्दल. १९२२ पर्यंत रंगरूट ज्या त्या पलटणीतच शिकत. त्या वर्षीच्या फेररचनेत ११४ व्या मराठा पलटणीची बेळगावला प्रशिक्षण बटालियन झाली. शिकवणं हेच जिचं काम अशी पलटण मराठी शिपायाला पहिल्यांदा मिळाली. पण १९४० नंतर नव्या पलटणी इतक्या वेगानं उभ्या राहू लागल्या की ही घडीच मोडली. एका जुन्या पलटणीतले अनुभवी नाईक-हवालदार उचलून नव्या पलटणीत टाकायचे, त्यांच्या हाताखाली कच्ची पोरं द्यायची. मग त्यातून पुन्हा उचलून आणखी एक पलटण. ४५ वी ब्रिगेड अशीच तयार झाली. तिची तयारी चालली होती पश्चिम आशियातल्या उघड्या मुलखासाठी. जानेवारी १९४२ मध्ये तिला सिंगापूरला उतरवून मलायातल्या मुआर नदीवर, रबराच्या बागांत आणि जंगलात, जपान्यांसमोर उभं केलं. पुष्कळसे शिपाई काही महिन्यांपूर्वीपर्यंत रंगरूट होते. आठवडाभरात ब्रिगेड उद्ध्वस्त झाली, तिचा कमांडर मारला गेला. जी पोरं वाचली त्यांतली कितीतरी महिनाभरात सिंगापूरच्या शरणागतीत कैदी झाली.

ब्रह्मदेशातून माघार झाली, आराकानमध्ये पुन्हा मार बसला, आणि जून १९४३ मध्ये सैन्यानं पायदळासाठी समिती बसवली. तिनं युद्ध चालू असताना उलटी वाट धरली: रंगरूटाचा काळ वाढवा. रेजिमेंटच्या केंद्रावर नऊ महिने पायाभूत शिक्षण, आणि त्यानंतर दोन महिने फक्त जंगलातलं. त्यासाठी १४ वी आणि ३९ वी या अख्ख्या दोन डिव्हिजन लढाईतून काढून शिकवण्याच्या कामाला लावल्या. १४ वी छिंदवाड्याला बसली, सातपुड्याच्या रानात. आघाडीवर माणूस कमी पडत असताना दोन डिव्हिजन शिकवायला बाजूला काढायच्या, हा निर्णय त्या युद्धातल्या कुठल्याही चढाईइतका धाडसाचा होता. पुढच्या दोन वर्षांत त्याच सैन्यानं इंफाळ-कोहिमा रोखलं आणि ब्रह्मदेश परत घेतला. त्याची कारणं बरीच होती, पण शिकायला मिळालेले ते महिने त्यांत वरच्या जागी आहेत.

शिकण्याचा वेळ नेमका कुठं उपयोगी पडतो, हे तोफेपाशी जवळून पाहता येतं. त्या युद्धातली पंचवीस पौंडी तोफ सहा जण चालवत. तोफेपाशी नावं नसतात, नंबर असतात. नंबर एक हवालदार, तो हुकूम देणार. कुणी ब्रीच उघडणार, कुणी नेम जुळवणार, कुणी गोळा भरणार, बाकीचे मागून दारूगोळा पुरवणार. रंगरूटाला एकच काम शिकवून भागत नाही. 'नंबर बदल' असा हुकूम आला की सगळे एकेक जागा सरकतात आणि पुन्हा पहिल्यापासून कवायत, दिवसभर, हातांना फोड येईपर्यंत. कारण लढाईत दोन माणसं पडली तरी तोफ थांबता कामा नये. १५-१६ डिसेंबर १९४४ च्या रात्री ब्रह्मदेशात कलादान खोऱ्यात डोंगरी तोफखान्याचे हवालदार उमराव सिंग यांच्या तोफेवर जपान्यांचे हल्ल्यावर हल्ले झाले. साथीदार पडत गेले, स्वतः जखमी झाले, गोळ्या संपल्या. तेव्हा तोफ उचलायला वापरतात तो लोखंडी दांडा घेऊन ते हातघाईवर आले. हल्ला परतवल्यावर काही तासांनी ते तोफेशेजारी बेशुद्ध सापडले, अंगावर सात जखमा, भोवती दहा जपानी सैनिक मरून पडलेले. तोफ शाबूत होती आणि त्याच दिवशी पुन्हा चालली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तो दांडा कवायतीत हजार वेळा उचललेला असतो, अंधारातही हात न चुकता तिथंच जातो. नाशिक रोडच्या केंद्रातल्या परेड मैदानाला त्यांचं नाव आहे. शिकून झालेली पोरं तिथं तोफांच्या साक्षीनं कसम खातात, कारण तोफखान्याला वेगळं निशाण नसतं, तोफ हेच निशाण.

स्वातंत्र्यानंतर हा दिवस पुन्हा एकदा घाईत सापडला. १९६२ मध्ये चीनकडून पराभव झाल्यावर सैन्य सव्वाआठ लाखांपर्यंत वाढवायचं ठरलं, आणि केंद्रांमधल्या बराकी ओसंडून गेल्या. ती वाढ १९६५ आणि १९७१ मध्ये कामाला आली. तोफा बदलत गेल्या. पंचवीस पौंडी गेली, बोफोर्स आली आणि १९९९ मध्ये कारगिलला तिनं पर्वतकडे फोडले. ९ नोव्हेंबर २०१८ ला देवळालीतच एम-७७७ आणि के-९ वज्र सैन्यात दाखल झाल्या. नेम संगणक काढून देतो, सिम्युलेटरवर सराव होतो. तरीही पोरं 'नंबर बदल'च्या हुकमावर सरकतातच.

२०२२ मध्ये अग्निपथ योजना आली, आणि जानेवारी २०२३ पासून नाशिक रोडला अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीचं शिक्षण सुरू झालं. एकूण ३१ आठवडे: १० पायाभूत, २१ तोफखान्याचे. म्हणजे सात महिने. १९४३ मध्ये, महायुद्ध ऐन भरात असताना, समितीनं साध्या पायदळाला जेवढा काळ कमीत कमी हवा म्हटलं, त्याहून हा कमी आहे. आजची मुलं शिकलेली आहेत, साधनं चांगली आहेत, युनिटमध्ये गेल्यावरही शिकणं चालू राहतं, हे सगळं खरं आहे. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये देवळालीच्या रेंजवर सरावादरम्यान गोळा फुटून दोन अग्निवीर गेले. दोष कशाचा हे चौकशीचं काम. तोफेपाशी उभं राहणं शांततेतही किती जोखमीचं आहे, हे मात्र त्या दिवशी नाशिकला नव्यानं कळलं, आणि अशा पोरांच्या शिक्षणाचा प्रत्येक आठवडा मोलाचा आहे हेही.

तोफेमागचा नंबर एक सात महिन्यांत घडत नाही. त्याला हवालदार व्हावं लागतं, सगळ्या नंबरांवरून अनेकदा फिरावं लागतं, हिवाळा आणि उंची पाहावी लागते, पडणाऱ्या माणसाची जागा घ्यावी लागते. अग्निवीरांतले जास्तीत जास्त २५ टक्के चार वर्षांनंतर सैन्यात राहणार आहेत. पुढच्या वीस वर्षांचे नंबर एक त्यांच्यातूनच निघायचे आहेत. नाशिक रोडच्या पहिल्या तुकडीची चार वर्षं २०२६ च्या अखेरीला भरतात. तेव्हा कोण राहिलं आणि कोण घरी परतलं, याची यादी तोफखान्यातल्या जुन्या हवालदारांनी आणि आपणही नीट वाचायला हवी.